हंड्याची कावीळ

आमच्याकडे कावीळ हा डॉक्टरचा आजार नाही. ताप आला की लोक दवाखान्यात जातात, हात मोडला की जातात, साप चावला तरी हल्ली धावत जातात. पण डोळे पिवळे दिसले की टाकवे गावातला शहाण्यातला शहाणा माणूससुद्धा डोंगराकडे तोंड करतो. तिकडे वरच्या वाडीत माळ देणारे एक आबा आहेत. हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे दोऱ्यात गाठवून ते माळ करतात. जेमतेम डोक्यावर बसेल एवढी. ती डोक्यावर ठेवायची आणि हात लावायचा नाही. मग ती आपोआप वाढत जाते. कपाळावरून घसरते, गळ्यात येते, छातीवर येते. जितकी माळ खाली, तितकी कावीळ खाली. पोटापर्यंत आली की वाहत्या पाण्यात सोडायची आणि हळदीचं कालवण खायला मोकळं व्हायचं.

माझ्या वहिनीच्या गळ्यात अशी माळ होती. माळ रोज वाढत होती आणि वहिनी मरत होती.

कुणी म्हणेल, खेड्यातली माणसं, अंधश्रद्धाळू असायचीच. इथेच माझं डोकं फिरतं. आमचं घर बौद्धांचं. माझ्या आजोबांनी घरातले देव पाटीत घालून नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत अंगारा आला नाही, लिंबू आलं नाही, कुणाच्या नावानं कोंबडं कापलं गेलं नाही. लहानपणी शेजारणीनं माझी दृष्ट काढली, तर आईनं तिच्या हातातल्या मीठ-मोहऱ्या उकिरड्यावर फेकल्या होत्या. या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता आणि आजही आहे. पण माळेला मंत्र नाही. अमावास्या नाही, नारळ नाही. आबा एक पैसा घेत नाहीत, घेतला तर गुण जातो म्हणतात. नुसता झाडपाला. त्यामुळे आमच्या चाळणीतून ती अलगद खाली आली. सगळे देव गेले, माळ राहिली. ती औषधात मोडते, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि गुण येतोच, हेही सांगितलं पाहिजे. पावसाळ्यात विहिरीत कुठलं कुठलं पाणी झिरपतं, ते पिऊन माणसं पिवळी पडतात. त्यातली बहुतेक पडून राहिली, तेल-तूप सोडून भात-ताक खाल्लं की आपली आपण उठतात. माळ घातली तरी उठतात, न घातली तरी उठतात. पण न घालता बघायला कोण थांबलंय? मलाही शाळेत असताना कावीळ झाली होती. मीही माळ घातली, बरी झाले आणि पुढे भेटेल त्याला आबांचं घर दाखवत सुटले.

वहिनी घरात आली तेव्हा मी नववीत होते. आई नुकतीच गेली होती आणि घरात माझा मोठा भाऊ, मी आणि माझा राग एवढेच उरलो होतो. वहिनीनं तिघांनाही सांभाळलं. मी भांडी आपटायला लागले की ती चुलीपुढूनच म्हणायची, "वन्सं, तुमच्या नाकाला दुसरं काय काम हाय का न्हाई? सारका आपला राग बसल्याला त्याच्यावं." मग मला हसू यायचं आणि राग जायचा. तिला मूलबाळ झालं नाही. तिनं माझं लग्न केलं, माझी दोन्ही बाळंतपणं केली. मी सोमाटण्याला राहायला गेले, तरी दर पावसाळ्यात नवा तांदूळ निघेपर्यंत पुरेल एवढा इंद्रायणी तिच्याकडूनच यायचा.

आमची भाताची खाचरं गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी. लावणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळी घरं मिळून तुमच्याकडे, उद्या सगळी माझ्याकडे. चिखलात सगळ्यांत पुढे वहिनी. ओणवी राहून ती रोपं अशी लावत जायची की मागच्यांची दमछाक व्हायची. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पायांचं काय होतं ते लावणारीलाच माहीत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, टाचांना भेगा, आणि त्यात दिवसभर गढूळ पाणी. मेंदी थापायची आणि सकाळी परत उतरायचं.

ओढ्याच्या वर आता शेतघरं झाली आहेत. शेत नाही, नुसती घरं. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे मावली नाहीत ती माणसं तिथे येतात, रात्रभर गाणी लावतात आणि सोमवारी उष्ट्याच्या पिशव्या ओढ्याच्या काठाला पडलेल्या असतात. त्यावर उंदीर माजले. वहिनी आजारी पडली त्या साली त्यांनी आमचे बांध पार पोखरून ठेवले होते. दादा रोज सकाळी बिळं बुजवायचा. पाणी पळून जातं म्हणून त्याचा जीव तुटायचा. उंदीर पाण्यात काय सोडून जातात, याचा विचार त्यानं केला नाही. कुणीच केला नाही.

लावणी संपली आणि वहिनीला ताप भरला. अंग मोडून आलं, डोकं दुखायला लागलं, पोटऱ्यांना हात लावू देईना. पण लावणीनंतर कुणाचं अंग मोडत नाही? कुणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? आमच्याकडे त्याला लावणीचा तापच म्हणतात. दुकानातून गोळी आणायची, घोंगडी घेऊन पडायचं. तिचे डोळे लाल झाले, तेव्हा चिखलाचा हात गेला असेल म्हणून सोडून दिलं. मग ते पिवळे झाले आणि सगळ्यांना कळलं की ही कावीळ.

दादाचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मी सोमाटण्याजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाब निवडते. दांडीच्या लांबीप्रमाणे वेगळे करायचे, जुड्या बांधायच्या, रबर लावायचे. "कावीळ हाय. माळ आनलीया. तू काळजी करू नको," दादा म्हणाला. मला बरं वाटलं. इतके दिवस नुसता ताप होता, आता निदान नाव सापडलं होतं.

सुटी मिळाल्यावर गेले. घरात उत्साहाचं वातावरण होतं. ओसरीवर भावकीतल्या बायका बसल्या होत्या आणि माळ कुठवर आली, यावर बोलणं चाललं होतं. काल गळ्यात होती, आज छातीवर आली, आबांचा हात म्हणजे हात. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं माळ बोटानं उचलून दाखवली. "बघा वन्सं, उतारली."

मी तिच्याकडे बघत राहिले. तोंड सुजलं होतं, डोळ्यांच्या खाली पिशव्या आल्या होत्या. मधूनच उचकी लागत होती आणि थांबत नव्हती. पाय दाबायला घेतले, तर बोट रुतलं तिथे खड्डा राहिला. बायका उठून गेल्यावर मी हळूच विचारलं, "वहिनी, लघवीला जाताय ना?"

ती ओशाळली. "न्हाई वो. कालपास्नं झालीच न्हाई. पानीच पेले न्हाई ना जास्त."

माळेकडे सगळ्या गावाचं लक्ष होतं. मोरीकडे कुणाचंच नव्हतं.

मी बाहेर येऊन दादाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता गाडी बघ. तो म्हणाला, "माळ पोटावं येऊस्तवर थांब. सुई टोचली की कावीळ उलटती. लोकांची मानसं गेल्यात." तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजाऱ्याच्या दुधाच्या टेम्पोत गादी टाकली, वहिनीला आडवी केली आणि निघालो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती माळ सावरत होती, तुटू नये म्हणून.

तळेगावच्या बाजूच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती. तिनं डोळे बघितले, मग वहिनीची पोटरी चिमटीत धरली. वहिनी किंचाळली. डॉक्टरीण आमच्याकडे वळली आणि तिनं एकच विचारलं, "भात लावलं का?"

हे आम्हाला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. ताप किती, खाल्लं काय, जुलाब आहेत का, सगळं विचारलं असतं. भात लावलं का, हे आम्ही एकमेकांना रस्त्यात विचारतो.

तिनं समजावून सांगितलं. उंदराच्या मुतात एक जंतू असतो, स्क्रूसारखा पीळ असलेला, डोळ्याला न दिसणारा. उंदराला त्याचं काही होत नाही. तो बिळातून येतो, जातो, मुततो, आणि जंतू पाण्यात, चिखलात जिवंत राहतात. माणसाच्या पायाला भेग असली, चिखल्या असल्या की तिथून आत. मग रक्तातून सगळीकडे. यकृतात गेले की माणूस पिवळा पडतो, मूत्रपिंडात गेले की लघवी बंद होते, फुप्फुसात गेले की रक्त पडतं. पहिल्या तापातच आली असती, तर बहुतेक वेळा साध्या गोळ्यांवर भागतं, असंही तिनं सांगितलं. ती सांगत होती तेव्हा दादा खाली बघत होता. मला वाटलं, त्याला कळत नाहीये.

म्हणजे कावीळ हा रोगच नव्हे. तो नुसता रंग. विहिरीच्या पाण्यानंही तो येतो आणि खाचराच्या पाण्यानंही. एकात माणूस पडून राहिला की उठतो, दुसऱ्यात पडून राहिला की संपतो. आम्ही दोन्हींना एकच नाव दिलं आणि एकच माळ घातली. रोग रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

रक्त धुवायच्या यंत्रावर तिला घातलं. दुसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त पडायला लागलं. मी आत गेले तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, नळ्या घातल्या होत्या. तिनं माझ्या नाकाकडे बोट केलं. मी रागावलेली दिसत असणार. दुपारी ती गेली. परिचारिकेनं तिच्या बांगड्या, जोडवी आणि ती माळ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. माळ आता चांगली हातभर लोंबत होती.

बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, गेली. आबाही वाडीवरून उतरून आले. कोपऱ्यात पागोटं मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "माळंनं काम केलं व्हतं. पोरीचं आयुष्यच तेवडं." बायकांचं म्हणणं आणखी पुढचं. "कावीळ उतारलीच व्हती. त्या मशिनीनं खाल्ली." आणि दादा मान डोलावत होता. माझं माणूस गेलं, याहून त्या मान डोलावण्यानं माझ्या अंगाची लाही झाली. पुढच्या पावसाळ्यात उंदीर येणारच होते. लावणी होणारच होती. दादाला ताप आला तर तो वाडीचाच रस्ता धरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. वहिनी गेली. आता तो उरला होता, आणि त्यालाही मी त्याच माळेत गमावणार होते.

भांडून उपयोग नव्हता. भांडण मी लहानपणापासून करत आले आहे, त्याची घरात किंमत नाही.

कामावर एक दिवस टाकाऊ फुलांचा ढीग उचलत होते. आदल्या दिवशी घट्ट बांधलेल्या जुड्या. पाण्याबाहेर राहिल्यामुळे दांड्या सुकल्या होत्या आणि रबर सैल होऊन खाली घसरले होते. हे मी रोज बघते. त्या दिवशी हातातली जुडी तशीच राहिली.

रविवारी मी वाडीवर गेले आणि आबांकडे माळ मागितली. "कुनाला झालीया?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरातच," मी म्हटलं. त्यांनी ताज्या काड्या तोडल्या, माझ्यासमोर गाठवल्या. जपून, मन लावून. मला त्यांचा राग येईना, याचाच राग आला. खाली घरी येऊन मी वहिनीचा पितळी हंडा घासला, ओट्यावर पालथा घातला आणि त्याच्या बुडावर माळ ठेवली. दादाला म्हटलं, हात लावू नको. नुसतं बघ.

पुढच्या सुटीला गेले तेव्हा माळ बुडावरून घसरून हंड्याच्या पोटाला आली होती. त्याच्या पुढच्या सुटीला पार ओट्यावर लोळत होती. काड्या वाळून काटक्या झाल्या होत्या आणि प्रत्येक गाठ ढिली पडली होती. मी दादाला ओढत आणून दाखवलं. "बघ. हंड्याची कावीळ उतरली."

मला वाटलं होतं, तो चिडेल, नाही तर वाद घालेल. तो ओट्याला टेकून खाली बसला.

"हे मला कशाला दावलंस?" तो म्हणाला.

मग त्यानं मला जे सांगितलं ते तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मी जायच्या आधी तो वहिनीला बाजाराच्या गावी एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला होता. वहिनीच म्हणाली होती, मला बरं वाटत नाही, दाखवून आणा. "त्या डॉक्टरनं हातबी लावला न्हाई. लांबनंच म्हनला, अजून असल्या अंधश्रद्धा पाळता व्हय? आदी ती माळ काढून टाका, मग तपासतो. चार मानसांत बोलला. म्या म्हनलं, आमाला अंधश्रद्धा म्हनायचं न्हाई. आमी देव सोडल्याली मानसं हाय. तिनं हात वर केलता गं. काढते म्हनली. म्या तिचा हात धरला, तशीच गाडीवं बसावली आन् माघारी आनली."

इतका वेळ तो हंड्याकडे बघून बोलत होता. "मंजी म्याच मारली म्हन की."

मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं. उंदरानं मारली, त्या शेतघरवाल्यांनी मारली, त्या डॉक्टरच्या जिभेनं मारली, नाव घेता येतील तेवढी घेतली. पण दादाला जी समजूत मान डोलावून मिळत होती, ती मी त्याच्याकडून काढून घेतली होती आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. माळ त्यानं उचलली नाही, टाकलीही नाही. हंडा तसाच पालथा राहिला. पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

पुढच्या पावसाळ्यात लावणी झाली. दादा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात उतरला. चिखल बूट ओढून घेतो, चालता येत नाही, लोक हसले. तो रोपं लावत राहिला. माळेबद्दल मात्र कुणाला काही बोलला नाही. मला त्याचाही राग येत होता. एवढं कळलंय तर सांग की लोकांना, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज निराळाच होता. "कान्ह्याच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यात हाय. जमलं तर ये."

त्यालाच झालं, असं धरून मी धावत गेले. तो बाहेर जांभळीखालच्या बाकावर चिंब भिजून बसला होता. शेजारी आबा. आबांच्या हातात पागोटं होतं आणि ते नुसते पिळत होते.

आजारी पडली होती आबांची सून. लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल होऊन पिवळे व्हायला लागलेले. आबांनी स्वतःच्या हातानं माळ करून तिच्या डोक्यावर ठेवली होती. वाडीवरून दूध घालायला आलेल्या माणसाकडून दादाला कळलं, तसा तो भर पावसात गाडी घेऊन वाडीवर चढला.

"मला वाटलं, हा माळ काडायला लावनार," आबा मला म्हणाले. "बायकू गेलीया त्याची, तेचा हक्क हाय. म्या म्हनलं, पोरा, दवाखान्यात हाकलून देत्यात, माळ बगून. तर हा म्हनला, आबा, माळ न्हाई काडायची. माळंसकट बसवा गाडीवं. कुनी काडा म्हनलं तर मी भांडतो त्यांच्यासंगं."

आत जाऊन मी बघून आले. खाटेवर पोर झोपली होती, हाताला सलाईन लावलेली, आणि माळ कपाळावरून तिरकी होऊन कानावर आली होती. परिचारिकेनं ती उचलून नीट केली आणि ताप मोजला. लघवीची पिशवी खाटेला बांधली होती आणि तिच्यात लघवी होती. गडद, पण होती. लवकर आणली, आता बघू, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन मी दादाशेजारी बसले. काय विचारलं त्यांनी, मी म्हटलं.

"भात लावलं का म्हनले. माळ बगितली त्यांनी. बाजूला सारली, छाती तपासली, परत होती तशी ठिवली. कुनी काय बी म्हनलं न्हाई."

वहिनीच्या चितेपुढे दादा रडला नव्हता. बुद्धवंदनेला रडला नव्हता, हंड्यापुढेही नाही. आता त्यानं तोंडावर ओला हात घेतला आणि हुंदक्यानं त्याचं अंग हलायला लागलं. आबा उठून थोडे लांब जाऊन उभे राहिले.

"माळंसकट घेतली गं," तो म्हणाला. "तिलाबी घेतली असती."